भोवळीची भाषा आणि मेंदूतील अनुबंध

पंच ज्ञानेंद्रियांच्या परंपरागत गणनेत तोलाला स्थान नाही. डोळा, कान, नाक, जीभ व त्वचा ही इंद्रिये आपापला विषय घेऊन जाणिवेसमोर येतात. तोल मात्र शाबूत असेतोवर जाणवतच नाही, आणि तो बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले हे रुग्णाला सांगता येत नाही व वैद्याला पाहता येत नाही. या संवेदनेचे स्वतंत्र इंद्रिय कानाच्या आतल्या हाडात दडलेले आहे, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. डोके वळले की नलिकांतील द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यातून वळण्याची जाणीव उत्पन्न होते; पिशव्यांतील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक गुरुत्वाकर्षणाची आणि सरळ रेषेतील गतीची दिशा कळवितात. पिएर फ्लूरांस यांनी १८२० ते १८३० या दशकात कबुतरांच्या या नलिका छेदून पाहिल्या, तेव्हा ते पक्षी ज्या नलिकेला इजा झाली तिच्या पातळीत डोके फिरवू लागले. पुढे पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेन्येर यांनी १८६१ मध्ये असे प्रतिपादन केले की, बहिरेपणासह येणारी भोवळ ही मेंदूत रक्त साकळल्याने येत नसून कानातून उद्‌भवते. तोवर अशा रुग्णांना झटका आल्याचे समजून त्यांचे रक्त काढण्याची रीत होती.

या प्रांतात १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांच्या शोधाची हकीकत येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कान धुऊन देताना एका रुग्णाने त्यांच्याकडे तक्रार केली की, पाणी पुरेसे कोमट नसले म्हणजे मला भोवळ येते. मग पाणी अधिक गरम केले, तरीही भोवळ आलीच. परंतु या खेपेस रुग्णाची बुबुळे उलट दिशेने झटके देत होती. पाण्याच्या उष्णतेने नलिकेतील द्रव वर चढतो व थंडाव्याने खाली उतरतो, हे अनुमान बारानींनी यावरून काढले आणि कानात ऊन व गार पाणी सोडून अंतर्कर्ण तपासण्याची आजही प्रचारात असलेली पद्धत सिद्ध केली. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते, आणि ते स्वीकारण्यास १९१६ साल उजाडले. एका सामान्य रुग्णाची कुरकुर कोणी कान देऊन ऐकली नसती, तर ही पद्धत केव्हा हाती लागली असती कोण जाणे.

मात्र या यशाचा एक विपरीत परिणामही घडला. भोवळीला जागा सापडली, म्हणून जिला जागा सापडत नाही ती भोवळच खोटी, असा समज हळूहळू रूढ झाला. कानाची तपासणी निर्दोष, मेंदूचे चित्र निर्दोष, रक्त निर्दोष, आणि तरीही माणूस महिनोन् महिने म्हणतो आहे की जमीन डुलते, उभे राहवत नाही, गर्दीत पाऊल टाकवत नाही. अशा रुग्णांची संख्या लहान नाही. तपासणीचे कागद आणि रुग्णाचा शब्द यांच्यात विसंवाद उत्पन्न झाला म्हणजे कोणावर विश्वास ठेवावयाचा, हा प्रश्न आहे. आणि मेंदूतील निरनिराळ्या भागांच्या परस्परसंबंधांचे चित्रण करणाऱ्या अलीकडच्या संशोधनाला जे महत्त्व आले आहे, ते बव्हंशी या प्रश्नामुळेच.

या विसंवादाचा इतिहास जुना आहे. १८७० मध्ये व्हिएन्नाचे मज्जाविकारतज्ज्ञ मोरित्झ बेनेडिक्ट यांनी शहरातील मोकळ्या चौकात पाऊल टाकताच तोल सुटणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्या विकारास ‘प्लात्सश्विंडेल’, म्हणजे चौकातील भोवळ, असे नाव दिले. त्यांच्या मते दोष डोळ्यांच्या हालचालींत होता. पुढच्याच वर्षी बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुष रुग्णांची तशीच लक्षणे नोंदविली, पण नाव दिले ते ‘ॲगोराफोबिया’. ग्रीक ‘ॲगोरा’ म्हणजे बाजाराचा चौक, त्याचे भय. लक्षणे बव्हंशी तीच, चौकही तसाच, परंतु एका नावात तोल आहे आणि दुसऱ्यात भीती. वेस्टफाल यांचे नाव टिकले, आणि त्याबरोबर हे रुग्ण मानसोपचाराच्या दालनात गेले. बेनेडिक्ट यांचा शब्द आता केवळ इतिहासकारांना ठाऊक आहे.

शतकभरानंतर हे रुग्ण तोलाच्या शास्त्राकडे परत येऊ लागले. १९८६ मध्ये थॉमस ब्रांट व मारियाने डीटेरिश यांनी त्यांच्या विकाराला भयजन्य भोवळीचे नाव दिले. १९९५ मध्ये अडॉल्फो ब्रॉन्स्टाइन यांनी दृश्यजन्य भोवळीची संकल्पना मांडली. अमेरिकेत जेफ्री स्टाब व त्यांचे सहकारी दीर्घकालीन व्यक्तिनिष्ठ भोवळ असा शब्द वापरू लागले. अखेरीस बारानींच्या नावाने १९६० मध्ये स्थापन झालेल्या विद्वत्‌सभेने २०१७ साली या सर्वांचा समन्वय साधून एक लांबलचक नाव मुक्रर केले, ज्याचा मराठी आशय ‘उभ्या स्थितीत वाढणारी, संवेदनाधिष्ठित, चिवट भोवळ’ असा सांगता येईल. तीन महिने वा अधिक काळ, बहुतेक दिवशी, न गरगरणारी अस्थिरता; उभे राहिल्याने, हालचालीने आणि गजबजलेल्या दृश्याने तिच्यात होणारी वाढ; हे तिचे प्रमुख निकष होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तिला स्थान मिळाले आहे. या निकषांत कोठेही चित्राचा वा यंत्राचा उल्लेख नाही. निदान सर्वस्वी रुग्णाच्या कथनावर आणि अन्य विकारांच्या निरसनावर उभे आहे.

आता कथन म्हटले की भाषा आली. जर्मन भाषेत ‘श्विंडेल’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, भोवळ आणि लबाडी. इंग्रजीतील ‘गिडी’ या शब्दाचा मूळ जुना अर्थ अंगात आलेला, वेडा, असा होता. आपल्याकडे ‘भ्रम’ हा शब्द चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत गणला आहे, आणि माधवनिदानात तो मूर्च्छेच्या प्रकरणात येतो. तोच शब्द न्यायशास्त्रात अयथार्थ ज्ञानासाठी योजिला जातो. दोरीवर सर्प दिसतो तो भ्रम आणि डोके फिरते तोही भ्रम. मराठीने या दोहोंची वाटणी करून टाकली असून शारीरिक अनुभवासाठी त्याच धातूपासून आलेला ‘भोवळ’ हा शब्द राखून ठेवला, आणि ‘भ्रम’ मनाच्या खात्यावर मांडला, हे तिचे औचित्यच म्हणावयास हवे. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून एखाद्या समाजाची वृत्ती सिद्ध करण्याचा मोह टाळणे बरे. तरीही भोवळीने ग्रस्त झालेला माणूस फसलेला किंवा फसविणारा आहे, ही शंका एकाहून अधिक भाषांच्या पोटात आहे, एवढे खास.

याहूनही महत्त्वाची बाब म्हणजे भारतीय भाषांतील या अनुभवाचे रूपक. हिंदी व गुजरातीतील ‘चक्कर’, बंगालीतील ‘माथा घोरा’, तमिळमधील ‘तलैचुट्रल’, कन्नडमधील ‘तले सुत्तु’, मल्याळममधील ‘तलकरक्कम्’ हे सर्व शब्द वर्तुळाकार फिरण्याचे आहेत. फिरते ते डोके. तेलुगूत डोळेही फिरतात. वर वर्णिलेल्या चिवट भोवळीत मात्र फिरणे नसतेच. तेथे असते ते डुलणे, हेलकावणे, पायांखाली गादी असल्यासारखे वाटणे, एका अंगाला झोक जाणे. मराठीत ‘चक्कर’, ‘घेरी’, ‘भोवळ’ यांच्याबरोबरच ‘झोक जाणे’, ‘तोल जाणे’, ‘अंधारी येणे’ हे प्रयोग आहेत, आणि प्रत्येकाचा वैद्यकीय अर्थ निराळा होऊ शकतो. परंतु दवाखान्यात वेळ थोडा, आणि रुग्ण जो पहिला शब्द हाताशी येईल तोच उच्चारतो. ‘डॉक्टर, चक्कर येते,’ एवढ्यावर कागद भरला जातो.

वैद्यकाने या संदिग्धतेला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९७२ मध्ये ड्रॅकमन व हार्ट या अमेरिकन वैद्यांनी भोवळीचे चार प्रकार सांगितले: गरगरणे, शुद्ध हरपल्यासारखे होणे, चालताना तोल न राहणे, आणि उरलेले सर्व अनिश्चित प्रकार. रुग्णास कोणता शब्द लागू पडतो ते विचारावे म्हणजे कारणाची दिशा सापडेल, असा हा विचार पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. २००७ मध्ये न्यूमन-टोकर व सहकाऱ्यांनी तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना तोच प्रश्न दोनदा विचारला, मध्ये अवघ्या काही मिनिटांचे अंतर ठेवून. निम्म्याहून अधिक रुग्णांनी दुसऱ्या वेळी निराळा प्रकार सांगितला. भोवळ केव्हा येते, किती वेळ टिकते, कशाने वाढते याविषयीची त्यांची उत्तरे त्या मानाने कितीतरी स्थिर होती. रुग्ण खोटे बोलत होते असा याचा अर्थ नव्हे. विशेषण डळमळते, प्रसंग टिकतो; साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

यंत्र ही डळमळ थांबवील, अशी अपेक्षा मग साहजिकच उत्पन्न झाली. पण येथे एक अडचण होती. दृष्टीसाठी मेंदूच्या मागील भागात एक निश्चित क्षेत्र आहे, श्रवणासाठी बाजूस आहे. तोलासाठी तसे केवळ त्याचेच असे क्षेत्र सापडत नाही. बर्लिनचे ओटो-योआखिम ग्रूसर व त्यांचे सहकारी यांनी माकडांवरील प्रयोगांतून इन्सुला नामक खोल घडीच्या मागील टोकाशी एक केंद्र दाखविले, परंतु त्यातील पेशी तोलाबरोबरच स्नायूंच्या, त्वचेच्या आणि डोळ्यांच्या संदेशांनाही प्रतिसाद देत होत्या. मानवी मेंदूत या केंद्राशी समकक्ष असा प्रदेश आढळला. १९९८ मध्ये ब्रांट व सहकाऱ्यांनी दाखविले की, डोळ्यांसमोर मोठे दृश्य फिरत ठेवले असता दृष्टीचे क्षेत्र अधिक कार्यरत होते आणि त्याच वेळी तोलाच्या या प्रदेशाचे कार्य मंदावते. दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळेनात म्हणजे न्यायाधीश एकाला गप्प करतो, तसे काहीसे. शेजारची आगगाडी हलली असता आपलीच गाडी सुटल्याचा जो भास होतो, त्याच्या मुळाशी हाच व्यवहार आहे. तोल हे एखाद्या केंद्राचे कार्य नसून अनेक केंद्रांच्या आपसातील देवघेवीतून निष्पन्न होते, असे एकदा मानले की, बिघाडाचा शोधही केंद्रात न घेता त्या देवघेवीत घ्यावा लागतो.

ही देवघेव मोजण्याचे साधन वेगळ्याच वाटेने आले. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू असला वा नसला, तर त्याचे चुंबकीय गुणधर्म बदलतात, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी याच फरकाचा उपयोग करून चुंबकीय यंत्रात मेंदूतील रक्ताचे बदल टिपले, आणि दोनच वर्षांत मानवी मेंदूची कार्यचित्रे मिळू लागली. मेंदूचा जो भाग कामास लागतो तेथे प्राणवायूयुक्त रक्त अधिक येते; यंत्र पेशींचे काम पाहत नाही, काही सेकंद मागाहून येणारी रक्ताची भरती पाहते. त्यानंतर १९९५ मध्ये भारत बिस्वाल या तरुण संशोधकाने एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. यंत्रात निवांत पडून राहिलेल्या, काहीही न करणाऱ्या माणसाच्या मेंदूतही हा संकेत मंदगतीने वरखाली होत असतो, आणि डाव्या व उजव्या बाजूंच्या हालचालींच्या क्षेत्रांतील चढउतार एकमेकांशी जुळतात. इतरांनी जो खरखराट समजून गाळून टाकला होता त्यात अर्थ होता.

या जुळण्यालाच कार्यात्मक ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणतात. मराठीत तिला ‘जोडणी’ म्हणणे सोपे, पण फसवे आहे. समोरासमोरच्या दोन वाड्यांतील दिवे दररोज एकाच वेळी लागत व विझत असतील, तर त्या वाड्यांमध्ये तार असेल, किंवा दोघांनाही वीज पुरविणारी तिसरीच पेटी असेल, किंवा दोन्हीकडची मंडळी नुसती एकाच सवयीची असतील. नुसत्या दिव्यांवरून यातले काय खरे ते कळत नाही. तंतूंचा प्रत्यक्ष मार्ग हा एक अर्थ, चढउतारांचे साहचर्य हा दुसरा, आणि एकाने दुसऱ्यावर घडविलेला परिणाम हा तिसरा. इंग्रजीत या तिघांना एकच नाम लावून विशेषणे बदलली आहेत. मराठी परिभाषेने पहिल्यास ‘जोडणी’, दुसऱ्यास ‘साहचर्य’ आणि तिसऱ्यास ‘प्रभाव’ म्हटले, तर विचाराचा एक मोठा घोळ आरंभीच टळेल. पुढील विवेचनात बहुतेक ठिकाणी साहचर्यच अभिप्रेत आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य एका विकारात विशेष स्पष्ट झाले. समुद्रप्रवासानंतर जमिनीवर उतरले तरी काही तास बोट हलत असल्याचा भास बहुतेकांना परिचित आहे. क्वचित काही लोकांत हा भास उतरतच नाही. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे जमीन डोलत राहते. १९८७ मध्ये ब्राउन व बलो यांनी अशा सहा रुग्णांचे वर्णन करून या विकारास वैद्यकीय ओळख मिळवून दिली. त्याचे फ्रेंच नाव ‘माल द देबार्कमाँ’, म्हणजे उतरण्याचे दुखणे. रुग्णांत मध्यमवयीन स्त्रिया अधिक, आणि लक्षण असे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये: मोटारीत बसून प्रवास सुरू झाला की त्यांना बरे वाटते, आणि मोटार थांबली की पुन्हा डोलणे सुरू. कानाची तपासणी, मेंदूची साधी चित्रे सर्व ठीक. ‘हिला गाडीतून फिरायलाच हवे आहे’ असे उपरोधाने म्हणणारा आप्त किंवा वैद्य मिळणे अवघड नाही.

२०१२ मध्ये युन-ही चा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० रुग्णांची २० निरोगी व्यक्तींशी तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांच्या मेंदूत डाव्या बाजूचा एंटोऱ्हायनल बाह्यक आणि त्यालगतचा अमिग्डाला येथे शर्करेचा वापर अधिक आढळला. या भागाचे दृष्टीच्या व तोलाच्या क्षेत्रांशी साहचर्य वाढलेले होते आणि कपाळामागील अनेक क्षेत्रांशी घटलेले होते. एंटोऱ्हायनल बाह्यक हा योगायोगाने निघालेला भाग नव्हे. स्थलज्ञानाची जाळीसारखी आखणी करणाऱ्या पेशी मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना २००५ मध्ये उंदरांच्या याच भागात सापडल्या होत्या, आणि त्यासाठी जॉन ओकीफ यांच्यासह त्यांना बारानींनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले. जागेचे भान राखणारा आणि भावनेला स्पर्श करणारा असे दोन शेजारी प्रदेश, ताल न सोडणारे, आणि त्यांना आवरणाऱ्या क्षेत्रांची पकड ढिली झालेली, असे चित्र उभे राहिले. ते अंतिम आहे असे नाही. परंतु त्याने उपचाराची एक दिशा सुचविली: कपाळामागील क्षेत्रांना बाहेरून चुंबकीय उत्तेजना देऊन पाहण्याचे प्रयोग चा यांनीच पुढे केले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथे मिंग्जिया दाई व बर्नार्ड कोहेन यांनी सर्वस्वी निराळा उपाय योजिला. डोळ्यांसमोर फिरते पट्टे दाखवून, त्याच वेळी डोके रुग्णाला जाणवणाऱ्या डोलण्याच्या लयीत हलवावयाचे, आणि चुकीचे वळण लागलेल्या प्रतिक्षेपाला पुन्हा वळण लावावयाचे. यात अनेक रुग्णांना लक्षणीय आराम पडला. डोलण्याची लय कोणती, हे येथेही आरंभी रुग्णालाच विचारावे लागते.

आधी वर्णिलेल्या चिवट भोवळीविषयीची चित्रे इतकी सुसंगत नाहीत. तोलाच्या केंद्राचा प्रतिसाद व साहचर्य घटलेले, आणि दृष्टीच्या क्षेत्रांचा वाटा वाढलेला, असा एक कल अनेक अभ्यासांत दिसतो. इटली, कोरिया, बेल्जियम, जर्मनी येथील गटांनी त्याचे वेगवेगळे पैलू मांडले आहेत. रुग्ण कानाच्या साक्षीवरचा भरवसा सोडून डोळ्यांच्या साक्षीवर अतिरिक्त विसंबू लागतात, म्हणून गर्दी व नक्षीदार फरशी त्यांना सोसत नाही, हे स्पष्टीकरण आकर्षक आहे आणि रुग्णांच्या अनुभवाशी जुळतेही. परंतु नेमकी कोणती क्षेत्रे, वाढ की घट, याबाबत एका अभ्यासाचे निष्कर्ष दुसऱ्याशी पुष्कळदा मिळत नाहीत. गट लहान आहेत. चिंता व नैराश्य यांचा परिणाम वेगळा काढणे दुष्कर आहे. आणि बदल हे विकाराचे कारण की दीर्घकाळ भोवळ सोसल्याचे फळ, हे एका वेळच्या चित्रावरून ठरत नाही.

शिवाय यंत्राच्या स्वतःच्या अडचणी आहेत, आणि त्या या विकारांच्या बाबतीत जवळजवळ विनोदी ठराव्यात अशा आहेत. ज्या रुग्णाचे दुःख उभे राहिल्यावर आणि हालताना वाढते, त्याला यंत्रात आडवे पडून निश्चल राहावे लागते. म्हणजे विकार ज्या घटकेला सौम्य असतो त्या घटकेचे चित्र निघते. डोके किंचितही हलले तर, २०१२ मध्ये सप्रमाण दाखविण्यात आल्याप्रमाणे, लांबच्या क्षेत्रांमधील साहचर्य खोटेच घटते व जवळच्या क्षेत्रांमधील वाढते. आणि डोके स्थिर ठेवणे ज्यांना जड जाते अशांच्याच गटाची तुलना निरोगी गटाशी करावयाची असते. त्यावर कडी म्हणजे २०११ मध्ये डेल रॉबर्ट्‌स व सहकाऱ्यांनी केलेला खुलासा. शक्तिशाली चुंबकाजवळ काम करणाऱ्यांना भोवळ येते ही तक्रार जुनी होती. काळोखात निरोगी व्यक्तींची बुबुळे टिपली तेव्हा दिसले की, सात टेस्लाच्या यंत्रात नुसते पडून राहिले तरी ती झटके देऊ लागतात, आणि माणूस चुंबकक्षेत्रात असेतोवर ते चालूच राहतात. अंतर्कर्णातील द्रवातून वाहणाऱ्या आयनांच्या प्रवाहावर चुंबक बल लावतो, आणि नलिकेतील संवेदक पडदा ढकलला जातो. ज्यांचे अंतर्कर्ण निकामी होते त्यांच्यात हे घडले नाही. २०१६ मध्ये डीटेरिश यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले: रुग्णालयातील नेहमीच्या दीड व तीन टेस्लाच्या यंत्रांतही हा परिणाम विश्रांतीतील मेंदूच्या चढउतारांवर उमटतो. तात्पर्य असे की, तोल मोजावयाचा तराजूच तोलाला धक्का देतो. चुंबकाजवळ भोवळ येते म्हणणारे तंत्रज्ञ भयग्रस्त नव्हते. त्यांचे म्हणणे भौतिकशास्त्राने खरे ठरविले.

तेव्हा या चित्रांनी साधले काय? एका व्यक्तीचे चित्र पाहून हिला चिवट भोवळ आहे किंवा नाही असे सांगणे आजही शक्य नाही. प्रसिद्ध झालेले निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. वैद्याने भिंतीवरचे रंगीत चित्र दाखवून ‘पाहा, तुमचे दुखणे येथे आहे’ असे सांगणे ही दिशाभूल होईल, मग ती कितीही दयाबुद्धीने केलेली असो. मात्र ‘चित्रात काही नाही, म्हणून तुम्हांला काही नाही’ या वाक्याचा आधार त्यांनी काढून घेतला आहे. साध्या चित्रात भागांचा आकार दिसतो, त्यांचा परस्परव्यवहार दिसत नाही, आणि या विकारांत बिघाड व्यवहाराचा असण्याचा संभव बळकट आहे. बेनेडिक्ट आणि वेस्टफाल यांच्या वादाकडेही यामुळे निराळ्या दृष्टीने पाहता येते. तोलाची व भयाची क्षेत्रे मेंदूत एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की, दोन्ही वैद्य एकाच रुग्णाच्या दोन वाक्यांपैकी एकेक वाक्य ऐकत होते, असे म्हणावयास जागा आहे.

राहता राहिला प्रश्न रुग्णाच्या शब्दाचा. अशा संशोधनात चित्रातील साहचर्य आणि विकाराची तीव्रता यांची सांगड घातली जाते, आणि तीव्रता बहुधा एका प्रश्नावलीवरून ठरविली जाते. जेकबसन व न्यूमन यांनी १९९० मध्ये अमेरिकेत तयार केलेल्या या प्रश्नावलीत २५ प्रश्न असून शंभरपैकी गुण दिले जातात. ‘होय’, ‘कधीकधी’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरे. जगातील अनेक भाषांत तिची भाषांतरे झाली आहेत. त्यांतील एक प्रश्न मोठ्या दुकानातील, दोन्ही बाजूंना फळ्या असलेल्या, बोळातून चालण्याविषयी आहे. प्रश्नकर्त्यांनी ती जागा विचारपूर्वक निवडली असावी: सरळ रांगा, दोन्हीकडून मागे सरकणारा मालाचा पट्टा, मान वळवून वाचावयाच्या चिठ्ठ्या, आणि आधाराला फक्त ढकलगाडी. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे समजेल. वाशीमकडच्या खेड्यातून जिल्ह्याच्या रुग्णालयात आलेल्या साठीच्या बाईंना तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचा? ‘आठवडी बाजार’ म्हटले तर गर्दी आली, धक्के आले, खालची उंचसखल जमीन आली. पण दोन्ही बाजूंनी वाहणारी सरळ रांग गेली. ‘किराणा दुकान’ म्हटले तर बाई दुकानाबाहेर उभ्या राहूनच जिन्नस मागतात, आत चालतच नाहीत. देवळाच्या दर्शनबारीत रांग आहे, पण तेथे माणसे हलतात, भिंती नव्हे. भरधाव एस्. टी.च्या खिडकीतून मागे पळणारी झाडे बहुधा मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातात, परंतु बाई तेथे बसलेल्या असतात. भाषांतरकार यांपैकी जो पर्याय निवडील त्याप्रमाणे बाईंचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ होईल, त्याप्रमाणे गुण पडतील, आणि तोच आकडा मेंदूतील चढउतारांच्या शेजारी तक्त्यात मांडला जाईल.